गावाची कमाई वाढवायची तर: ग्रामपंचायतीला आर्थिक सल्ला देणारा गट कसा उभारावा

ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा कोणालाही पाहता येतो. एकदा उघडून बघा. सिमेंट रस्ता, भूमिगत गटार, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्मशानभूमीची शेड, अंगणवाडीची रंगरंगोटी अशी कामं दिसतील. यातलं एकही वायफळ नाही. पण गावातल्या माणसाच्या हातात वर्षाकाठी चार पैसे जास्त कसे पडतील याची ओळ शोधावी लागते, आणि सापडलीच तर ती बहुतेकदा ‘महिलांसाठी शिवणकाम प्रशिक्षण’ एवढीच असते.

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. पंचायतींनी आराखडे कशासाठी करायचे, तर आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायासाठी, असं तिच्यात स्पष्ट आहे. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत शेती, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय, लघुउद्योग, बाजार हे सगळं येतं. तरीही आराखडा बांधकामापाशी थांबतो, कारण गटाराचं अंदाजपत्रक करून द्यायला पंचायत समितीचा शाखा अभियंता असतो. गावातल्या दुधाच्या धंद्याचा हिशेब मांडून द्यायला कोणी नसतं. सरपंचांचा दिवस दाखले, पाण्याची मोटर आणि तालुक्याच्या फेऱ्यांत जातो. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) कधीकधी दोन-तीन गावं असतात. ही रिकामी जागा गावातली जाणती माणसं भरू शकतात, आणि ती कशी भरायची हे या लेखात क्रमाने सांगतो.

हे नवं नाही. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना निधीतला मोठा वाटा, सुमारे ३५ ते ४० टक्के, स्थानिक संस्थांकडे वळवला. पंचायतींनी प्रकल्प तर भराभर लिहिले, पण अनेकांचे हिशेब कच्चे आणि तांत्रिक बाजू अपुरी होती. तेव्हा निवृत्त अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी यांचं स्वयंसेवी तांत्रिक दल उभं राहिलं आणि त्यांनी ते प्रकल्प तपासून, दुरुस्त करून दिले. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वेगळ्या वाटेने हेच केलं. तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट चालत आला. एखादा प्रश्न आधी गटात बसून समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, जाणकाराला बोलवायचं. निर्णय मात्र ग्रामसभेतच. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं (२००९), आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागे वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास होता, तो आपण उचलायचा.

पहिली पायरी: माणसं

सात ते अकरा जण पुरेत. त्याहून जास्त झाले की बैठकीची सभा होते.

सहसा अशा गटात निवृत्त शिक्षक, निवृत्त बँक कर्मचारी आणि नोकरीतून परतलेला एखादा साहेब आधी येतो. ती माणसं हवीतच, कारण कागद त्यांना कळतो. पण गावचा पैसा ज्यांच्या डोळ्यांसमोरून जातो ती माणसं वेगळी असतात: दूध संकलन केंद्राचा सचिव, विकास सोसायटीचा गटसचिव, किराणा दुकानदार, बाजार समितीत माल नेणारा टेम्पोवाला, ‘उमेद’ची (बचत गटांना आधार देणाऱ्या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची) समूह संसाधन व्यक्ती म्हणून काम करणारी ताई, जनावरांची प्राथमिक काळजी सांगणारी पशुसखी. टेम्पोवाल्याला विचारा, कोणत्या आठवड्यात कोणाचा कांदा कोणत्या बाजारात गेला, भाडं किती बसलं आणि आडतीला किती कटलं, तो तोंडपाठ सांगेल. शेतमजुरी करणारा निदान एक माणूस आणि एक बाई गटात हवीच. जमीन असलेल्यांच्या गटाला गावाची अर्थव्यवस्था म्हणजे पिकाचा भाव एवढंच वाटतं. मजुराला वर्षातले किती दिवस काम मिळतं हे सूचनांमध्ये येतच नाही.

निम्म्या महिला असाव्यात असा माझा आग्रह आहे. कोंबड्या, शेळ्या, परसबाग, बचत गटाचं कर्ज, घरातला किराणा, मुलांच्या शिक्षणाचा खर्च यांचे आकडे त्यांच्याकडेच असतात. सरपंच महिला असतील (२०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत) तर गटाने सरपंचताईंशीच बोलावं. बैठकीचा निरोप त्यांनाच द्यावा, कागद त्यांच्याच हातात ठेवावा. त्यांच्या यजमानांशी चर्चा उरकून ‘सरपंचांशी बोलणं झालं’ म्हणायची पद्धत गटाने तरी पाळू नये.

पुण्या-मुंबईला असलेले गावकरी आणि कोकणातल्या गावांची मुंबई मंडळं यांचाही उपयोग मोठा आहे. बाजारपेठेची माहिती, वेष्टनाचा नमुना, एखाद्या खरेदीदाराशी ओळख, ही कामं त्यांना द्या आणि महिन्यातून एकदा मोबाईलवर बैठकीला घ्या. गावात काय करायचं हे मात्र गावात राहणाऱ्यांनी ठरवावं, कारण नुकसान झालं तर ते त्यांच्याच अंगावर येतं.

दोन नियम पहिल्याच बैठकीत लिहून काढा. एक, गटातल्या कोणीही किंवा त्यांच्या घरातल्यांनी गटाने सुचवलेल्या कामाचा ठेका, पुरवठा किंवा दलाली घ्यायची नाही. पंचायतीच्या कामात हितसंबंध असलेला सदस्य ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार अपात्र ठरतो. तोच दंडक आपण स्वतःला लावायचा. दोन, ज्याला पंचायतीची निवडणूक लढवायची आहे त्याने अर्ज भरायच्या सहा महिने आधी गट सोडायचा. गावात एकदा ‘हे अमक्या पॅनेलचे लोक’ असा शिक्का बसला की पुढचे आकडे कोणी ऐकून घेत नाही.

दुसरी पायरी: ठराव करून घ्या

चांगल्या मनाने, पण कोणी न बोलावता सल्ला देणारा गट पंचायतीला विरोधी पक्षासारखा वाटतो. म्हणून आधी रीतसर काम मागून घ्यावं.

याचे दोन मार्ग आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ नुसार ग्रामसभा ग्रामविकास समिती नेमू शकते. तिच्यात १२ ते २४ सदस्य, निदान एक-तृतीयांश पंचायत सदस्य आणि निदान निम्म्या महिला असाव्या लागतात. हा मार्ग भक्कम आहे. पण आधीच कागदावर असलेल्या समित्यांत आणखी एक भर पडून ती निजण्याचा धोकाही आहे. दुसरा मार्ग साधा: पंचायतीच्या मासिक सभेत ठराव करून वर्षभरासाठी सल्लागार गट नेमणं. सुरुवात या मार्गाने करावी, वर्षभर काम दिसलं की कलम ४९ कडे जावं, असं मला वाटतं. ठरावाचा मसुदा असा देता येईल:

‘गावातील उत्पन्नवाढ व रोजगार या विषयांची माहिती गोळा करून ग्रामपंचायतीस लेखी शिफारशी करण्यासाठी पुढील व्यक्तींचा सल्लागार गट एक वर्षासाठी नेमण्यात येत आहे. गटास निधी खर्च करण्याचा अथवा ग्रामपंचायतीच्या वतीने करार करण्याचा अधिकार राहणार नाही. गटाच्या प्रत्येक शिफारशीवर पंचायत पुढील मासिक सभेत चर्चा करून निर्णय व त्याचे कारण इतिवृत्तात नोंदवील.’

शेवटचं वाक्य सोडू नका. शिफारस नाकारली तरी चालेल, पण कारण लिहिलं गेलं पाहिजे. त्यातून पंचायतीची अडचण कळते आणि पुढची शिफारस सुधारते.

ठरावाआधी सगळ्या सदस्यांना भेटा. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडले जातात, त्यामुळे सरपंच एका बाजूचे आणि बहुमत दुसऱ्या बाजूचं अशी गावं पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी फक्त सरपंचांचा हात धरून आलेला गट पहिल्याच सभेत अडकतो. प्रत्येक वॉर्डाच्या सदस्याच्या घरी जा, चहा घ्या, त्यांच्या वॉर्डातल्या लोकांचं पोट कशावर चालतं ते विचारा. ही भेट सर्वेक्षणाचीही पहिली पायरी असते.

तिसरी पायरी: गावचा पैसा कुठून येतो, कुठे जातो

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. बहुतेक गट इथे घाई करतात आणि थेट ‘प्रकल्प’ सुचवायला लागतात.

आधी जे कागद आहेत ते वाचा. पंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. त्यात घरं, गाळे, गिरण्या, शेड कळतात. तलाठ्यांकडच्या पीक पाहणीत पिकाखालचं क्षेत्र मिळतं. पशुगणनेत जनावरं, केंद्राच्या मिशन अंत्योदय सर्वेक्षणात गावातल्या सुविधा, उमेदच्या ग्रामसंघाकडे (गावातल्या बचत गटांच्या संघाकडे) गटांची कर्जं आणि ती कशासाठी घेतली हे सापडतं. दूध संस्थेकडे दहा-दहा दिवसांच्या पगाराचा (दुधाच्या बिलाचा) हिशेब असतो. यातला प्रत्येक आकडा थोडा चुकलेला असेल, हे धरूनच चाला.

मग घरं. सगळ्या घरांचं सर्वेक्षण करायचा मोह टाळा. प्रत्येक वस्तीतली, प्रत्येक थरातली मिळून पन्नास-साठ घरं नीट विचारलीत तर चित्र उभं राहतं. बागायतदार, कोरडवाहू, भूमिहीन, दुकानदार, ऊसतोडीला जाणारे, शहरातून मनीऑर्डर येणारे (आता फोनवरून पैसे येतात, पण विचारताना लोक हाच शब्द वापरतात) असे सगळे त्यात हवेत. उत्पन्न किती, असं थेट विचारू नका. कोणी खरं सांगत नाही आणि सांगूही नये. खर्च विचारा. गेल्या महिन्यात पशुखाद्याची किती पोती आणली, कुठून, भाडं किती? घरचं तेल कुठून येतं? ट्रॅक्टर कोणाचा बोलावता, तासाला काय देता? मोटर जळली तर कुठे नेता आणि किती दिवस जातात? लग्नात मंडप, भांडी, आचारी कुठले होते? भाजीची रोपं कोणत्या रोपवाटिकेतून येतात?

एक मांडून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा गावात २५० दुभती जनावरं आहेत आणि प्रत्येकाला दिवसाला सरासरी ३ किलो पशुखाद्य लागतं. म्हणजे दिवसाला ७५० किलो, ५० किलोची १५ पोती, महिन्याला ४५० पोती. प्रत्येकजण आपलं एक-दोन पोती मोटारसायकलवर किंवा रिक्षाने आणतो आणि पोत्यामागे ६० रुपये घालवतो. एकत्र गाडी मागवली तर हा खर्च २५ रुपयांवर येतो. पोत्यामागे ३५ रुपये वाचले म्हणजे गावात महिन्याला १५,७५० रुपये आणि वर्षाला १,८९,००० रुपये राहिले. यासाठी कारखाना नको, अनुदान नको; कोरडी खोली, नोंदवही आणि जबाबदारी घेणारा महिला गट हवा. असा एक हिशेब गावासमोर मांडला की गटावरचा लोकांचा विश्वास एका दिवसात वाढतो.

दुसरं उदाहरण सोयाबीनचं. हमीभावाच्या खरेदीत दाण्यातली आर्द्रता १२ टक्क्यांपर्यंत अपेक्षित असते. खासगी व्यापारीही ओलाव्याच्या नावाने भाव कापतो, आणि शेतकऱ्याकडे मोजायला काही नसल्याने वाद घालता येत नाही. गावात आर्द्रता मोजायचं यंत्र, प्रमाणित वजनकाटा आणि वाळवायला पक्कं खळं असेल तर माल घरातून निघण्याआधीच त्याची प्रत कळते. त्याला जोडून राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना सांगा: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाला ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. काढणीच्या पडत्या भावात विकायची सक्ती संपते. ही योजना १९९०-९१ पासून आहे आणि तरी कित्येक गावांत एकाही शेतकऱ्याने तिचा अर्ज पाहिलेला नाही.

आणि पाणी. कोणताही धंदा सुचवण्याआधी पाण्याचा ताळेबंद मांडा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तेच केलं. पाऊस मोजायचा, माणसांना, जनावरांना आणि शेतीला किती पुरेल ते ग्रामसभेत मांडायचं आणि त्यावरून पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही, हे नियम त्यांनी स्वतःवर घातले. सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावात दूध वाढलं ते त्यानंतर; चारा पिकवायला पाणी उरलं म्हणून. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत आधी पाणलोटाची कामं आणि शेततळी झाली, मग द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पाणी न मोजता दहा गायींचा गोठा सुचवणं म्हणजे त्या कुटुंबाला टँकरच्या दारात उभं करणं.

जमवलेलं सगळं एका मोठ्या कागदावर काढा. डाव्या बाजूला गावात येणारा पैसा, उजवीकडे बाहेर जाणारा. तो कागद पंचायतीच्या भिंतीवर लावा. लोक थांबून वाचतात, चुका दाखवतात, आणि त्या दुरुस्त करताना खरे आकडे मिळतात.

चौथी पायरी: पंचायतीच्या हातात नेमकं काय आहे

सल्ला पंचायतीला द्यायचा तर तिला जे करता येतं तेवढंच सुचवावं. कापसाचा भाव वाढवा, हे पंचायतीला सांगून काय होणार?

तिच्या हातात असलेल्या गोष्टी साध्या असतात, म्हणूनच दुर्लक्षित राहतात. आठवडे बाजाराची जागा, ओटे, सावली, स्वच्छतागृह आणि बाजार कराचा लिलाव. गाळे आणि त्यांचं भाडं. गावतळ्याचा मासेमारीचा लिलाव, जिथे तळं पंचायतीकडे आहे तिथे. पाणंद रस्ते, ज्यांच्याशिवाय पावसाळ्यात भाजी शेतातून निघत नाही. पडून असलेली जुनी शाळा खोली, जी भाडेतत्त्वावर बचत गटाला देण्याचा विचार होऊ शकतो. आणि शिफारसपत्र: प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरलेलं होतं (योजना सध्या चालू आहे का ते आधी विचारा); असं अनुदान उद्योजकाला मिळतं, पंचायतीला नाही. पण जागेचा उतारा, ना-हरकत, वीजजोडणीचा पाठपुरावा यात पंचायत आठ दिवसांत हललीच तर एक धंदा उभा राहतो.

गायरानाबाबत सावध राहा. शेड, गोदाम, सौर प्रकल्प सगळ्यांच्या नजरेत आधी गायरानच येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर सामुदायिक जमिनींवरच्या अतिक्रमणाला आणि वापरबदलाला फार कडक नियम लागले आहेत. जागा कोणाच्या नावावर आहे हे सातबारा पाहूनच शिफारस लिहा.

निधीचंही तसंच. वित्त आयोगाच्या पैशात बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात. १५व्या आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, बंधित ६० टक्के होता आणि तो पाणी व स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. चालू वर्षाचं प्रमाण भाऊसाहेबांकडून लिहून घ्या. स्वनिधीतले (घरपट्टीसारख्या पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले) १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. हे पैसे वर्षअखेरीस घाईघाईने खुर्च्या, भांडी, सायकली वाटण्यात जातात. उत्पन्नाला हातभार लावणाऱ्या वस्तूंची यादी गटाने सप्टेंबरमध्येच दिली तर तोच खर्च कामी येतो.

स्वनिधी हा विषय गावात नाजूक असतो, कारण घरपट्टी कोणाला भरायची नसते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याने तो वेगळ्या तऱ्हेने सोडवला: वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत. करवाढ सुचवण्याआधी वसुलीचा हिशेब मांडा आणि भरणाऱ्याला त्याच्या पैशातून काय मिळालं ते दाखवा.

पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा वेगळा कायदा जिथे लागू आहे त्या) गावांचं गणित निराळं आहे. तिथे ग्रामसभेला गौण वनोपजावर (तेंदूपत्ता, बांबू अशा जंगलातल्या उत्पन्नावर) हक्क आहे आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो. तेंदूपत्त्याचा लिलाव कोणत्या अटींवर, मजुरी आणि स्वामित्वधन केव्हा हातात पडणार, कंत्राटदाराची अनामत किती, हे लिहून तपासायला जाणता गट असेल तर ग्रामसभेची फसवणूक टळते. शेजारच्या ग्रामसभांनी एकत्र लिलाव केला तर भावाची घासाघीस जास्त ताकदीने होते. अशा गावांत सल्ला पंचायतीआधी पाड्याच्या ग्रामसभेला द्यावा.

पाचवी पायरी: शिफारस एका पानाची

तीस पानी अहवाल कपाटात जातो. एक शिफारस, एक पान. त्यात एवढं असावं: अडचण एका वाक्यात; आकडा; काय करावं; कोण चालवणार, त्याचं नाव आणि त्याची तयारी असल्याची सही; पहिल्या वर्षाचा खर्च कोणत्या निधीतून; तिसऱ्या वर्षी वीजबिल आणि दुरुस्ती कोण भरणार; आणि कोणाचं नुकसान होऊ शकतं.

शेवटचा मुद्दा लोक गाळतात. एकत्र पशुखाद्य मागवलं तर गावातल्या दुकानदाराचा धंदा बसतो. तोही आपलाच माणूस आहे. त्याच्याच गोदामात माल उतरवून त्याला पोत्यामागे ठरावीक रक्कम दिली तर काम सुरळीत होतं. त्याला वगळलं तर उधारीवर जगणारी घरं कात्रीत सापडतात. हे पानावर आधीच लिहिलेलं असलं की सभेत भांडण होत नाही.

पहिल्या वर्षी तीनच शिफारशी द्या. त्यातली एक अशी असावी की तीन महिन्यांत, जवळजवळ बिनपैशात, डोळ्यांना दिसेल: बाजाराच्या दिवशी सावलीची जागा आखून देणं, वजनकाटा, किंवा गावातल्या प्लंबर, वायरमन, गवंडी, ट्रॅक्टरवाले, आचारी यांची फोन नंबरांची यादी त्यांच्या संमतीने पंचायतीबाहेर लावणं. ही यादी फार छोटी गोष्ट वाटते, पण गावात गवंडी असताना तालुक्याहून बोलावले जातात ते निव्वळ माहिती नसल्यामुळे.

सहावी पायरी: तारखा पाळा

आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा वापरता येत नाही. त्यामुळे उत्तम शिफारस दोन महिने उशिरा आली तर ती वर्षभर उशिरा आली.

लोकनियोजनाची मोहीम, म्हणजे पुढच्या वर्षाचे ग्रामपंचायतींचे आराखडे करायची मोहीम, साधारण २ ऑक्टोबरपासून चालते. त्यावरून मागे मोजा. उन्हाळ्यात सर्वेक्षण करा. लग्नसराईला बाहेरगावचे लोकही गावात असतात. पावसाळ्यात आकडे जुळवा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत फक्त चित्र मांडा, मागणी काही करू नका. सप्टेंबरच्या मासिक सभेत तीन पानं द्या. ऑक्टोबरात महिला सभा आणि वॉर्ड सभांत त्यांवर बोलणं होऊ द्या, मग ग्रामसभा. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी ते. शंभर माणसं आणणं हेही गटाचंच काम समजा: दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला आठवडाभर आधी सांगा, बचत गटांच्या बैठकीत सांगा. आराखड्याच्या नऊ संकल्पनांत पहिलीच ‘गरिबीमुक्त आणि उपजीविका वृद्धीस पोषक गाव’ ही आहे. आपली कामं तिच्याखाली नोंदवली गेली का, हे आराखडा संकेतस्थळावर चढल्यावर स्वतः पाहा.

सातवी पायरी: ‘नको’ म्हणायला शिका

तालुक्यात फिरणारे लोक दर महिन्याला एक प्रकल्प घेऊन येतात. पाण्याचा एटीएम, गांडूळखताचं मोठं युनिट, पर्यटन केंद्र, बाटलीबंद पाणी, चकाचक प्रकल्प अहवाल तयारच असतो. साताऱ्यातल्या मांघरचं ‘मधाचं गाव’ आणि भिलारचं ‘पुस्तकांचं गाव’ पाहून प्रत्येकाला आपलंही एखादं ‘चं गाव’ करावंसं वाटतं. मांघरात मधपाळ आधीपासून होते आणि आजूबाजूला महाबळेश्वरचं जंगल होतं. भिलार महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यालगत आहे, पर्यटक तिथून जातच होते. आपल्याकडे आधीपासून काय आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय नक्कल करू नये.

प्रत्येक प्रस्तावाला चार प्रश्न विचारा. गावात हे चालवणारा माणूस कोण? माल घेणारा कोण, आणि त्याच्याशी बोलणं झालं आहे का? अनुदान संपल्यावर वीजबिल कोण भरेल? आणि विकायला आलेल्या माणसाने आधी जिथे हे बसवलं ती तीन गावं कोणती? त्या गावांत गटातले दोघं जण न सांगता जाऊन या. यंत्राला कुलूप असेल तर चर्चा तिथेच संपली. पंचायतीला नम्रपणे, लेखी, कारणासह ‘सध्या नको’ असं कळवा. सरपंचांवर वरून दबाव असेल तर हा कागद त्यांच्या उपयोगी पडतो.

आठवी पायरी: पाठपुरावा आणि हस्तांतर

दर तीन महिन्यांनी तीन पानं पुन्हा उघडा. काय झालं, काय अडलं, आकडा किती हलला? पशुखाद्याची पोती खरंच एकत्र येतात का, की दुसऱ्या महिन्यात थांबली? थांबली असतील तर का? उधारी, प्रत, की दोन वस्त्यांतलं जुनं भांडण? उत्तर जसं आहे तसं गावफलकावर लावा. पैसे गटाने हाताळायचे नाहीत. वर्गणी आली तरी ती पंचायतीच्या किंवा ग्रामसंघाच्या खात्यात, पावतीसह.

तांत्रिक बाबी अडल्या तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आणि उमेदचा तालुका कक्ष यांच्याकडे पंचायतीच्या पत्रावर जा. पत्र असलं की तिथला माणूस वेळ काढतो. प्रशिक्षण मागताना ‘काहीतरी द्या’ असं न म्हणता सर्वेक्षणातला आकडा सांगा: गावात शंभर पंप आहेत, मोटर रिवाइंडिंग करणारा एकही नाही, दोन पोरं शिकायला तयार आहेत.

पाच वर्षांनी पंचायत बदलते आणि बऱ्याचदा सगळं पुन्हा शून्यावर येतं. त्यासाठी एक फाईल पहिल्या दिवसापासून दोन प्रतींत ठेवा, एक पंचायतीत आणि एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत. ठराव, सर्वेक्षणाचे तक्ते (घरांची नावं काढून), पाण्याचे ताळेबंद, शिफारशी, पंचायतीची उत्तरं आणि फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदी त्यात लावा. निकालानंतर नव्या सरपंचांच्या पहिल्या मासिक सभेआधी ती त्यांच्या घरी घेऊन जा, हरलेल्या पॅनेलच्या प्रमुखालाही बोलवा, आणि गटाची मुदत संपल्याचं सांगून नवा ठराव करायचा की नाही हे त्यांच्यावर सोडा.